धाकटीची माफी

मी कोपरीची. ठाण्याची कोपरी, खाडीच्या बाजूची. बापूस मिठागरावर, आयस पण मिठागरावर, नि मी चालायला लागले तशी मी पण तिथेच, म्हंजे काम नाय करायची, बांधावर बसायची नि खडे चाखायची. काय सांगू तुम्हाला, आम्हाला मीठ चाखावं लागतच नाय, ओठ चाटला की मीठ. म्हणून रांधताना मी मीठ कधी चाखून घातलं नाय, हाताने घातलं, आणि कधी कमी नाय की कधी जास्त नाय. हे मी माझ्याच तोंडाने सांगते कारण दुसरं कोण सांगणार. तेच तर सांगायचं हाय तुम्हाला, तुम्ही लिहा.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लगीन झालं, डोंबिवलीला दिलं मला. आताची डोंबिवली नाय हां, तेव्हा स्टेशन सोडलं की भातखाचरं, नि आमचं घर खाचरांच्या कडेला, कौलारू, मागे विहीर. घरात सासू, माझा माणूस, नि धाकटा दीर मधू, तेव्हा तो शिकत होता. माझा माणूस ठाण्याला गिरणीत. त्यांचं नाव तुम्ही दुसऱ्या कोणाला विचारून लिहा, मी घ्यायची नाय, आजपर्यंत घेतलं नाय. माणूस चांगला, दारू नाय, मारझोड नाय, पण तोंडात शब्द नाय हो. जेवायला बसले की ताटाकडे बघून जेवायचे नि ताटाकडे बघूनच उठायचे. मी खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण करू दे की सणाची पुरणपोळी करू दे, तेच. सुरुवातीला मी विचारायची, कसं झालंय. तर म्हणायचे, जेवलो ना. झालं. जेवलो ना म्हंजे चांगलं की वाईट, तुम्ही सांगा. मग मी विचारायचं सोडलं, पण मनात होतं, एक दिवस हा माणूस वा म्हणेल. मला दुसरं काय नको होतं, पाटल्या नको होत्या, लुगडं नको होतं. एक वा पाहिजे होता.

आता बिस्कुटांचं सांगते. स्टेशनाजवळ एक भट्टी होती, पावाची. दिवाळीच्या आधी भट्टीवाला बायकांचं भाजून द्यायचा. मैदा, तूप, साखर आपली, पीठ घरनं मळून न्यायचं नि तिथे ओट्यावर बसून त्याच्या पत्र्यांवर मांडायचं. बाकीच्या सगळ्या नानकटाई करायच्या, मी पण केली पहिल्या वर्षी, पण साखर रेशनवरची, पुरायची नाय. म्हणून मी म्हटलं आपण खारी बिस्कुटं करू. ओवा घातला, आख्खा नाय, तव्यावर शेकून हातावर चोळून, थोडी मिरी, नि मीठ माझ्या हाताचं. अशी झाली, अशी झाली, की शेजारच्या बायका पुढच्या वर्षी माझ्याकडे यायला लागल्या, आमच्या पिठात मीठ तू घाल म्हणून. सासूपण म्हणाली, पोरीचा हात बरा हाय. बरा. तेवढ्यावर मी किती दिवस काढले. ते मात्र चहात बुडवून खायचे, पत्रा दिला तरी खाल्ला असता असं तोंड करून.

मग मधूचं लगीन झालं नि कुंदा आली घरात. कल्याणची. तिची आयस रेल्वे कॉलनीत एका साहेबाच्या बंगल्यावर रांधायला होती, नि ही लहानपणापासून आयशीच्या मागे त्या साहेबाच्या चुलीपाशी. दिसायला माझ्यापेक्षा बरी. बरी म्हंजे चांगलीच, खोटं कशाला बोलू. हसायची पण सारखी. मला आधी वाटलं चला, हाताखाली बाय आली. कसली हाताखाली!

आल्याच्या महिन्यात म्हणते, ताई, मी साहेबाकडचं एक करू का. म्हटलं कर. तिने काय केलं, पातेल्यात वाळू घातली, शेगडीवर ठेवली, माझ्या रुखवतातल्या पितळी वाट्या काढल्या, मी कधी वापरल्या नव्हत्या हो त्या, नि त्यात कालवलेलं पीठ ओतून वर झाकण, झाकणावर निखारे. अंडी घातली माझ्या कोंबड्यांची. थोड्या वेळाने असा वास सुटला की विहिरीवरच्या बायका कळश्या टाकून आल्या. वाट्या उघडल्या तर प्रत्येकीतनं फुगून वर आलेलं, टोपी घातल्यासारखं. म्हणाली ह्याला मफीन म्हणतात. आमच्या सासूला ते काय बोलता येईना, ती म्हणाली माफी. मग घरात तेच पडलं. आज धाकटी माफी करणार. चार माफ्या मामांकडे पाठवा. आळीतली पोरं दारात उभी, काकू माफी द्या, काकू माफी द्या. वाट्या माझ्या, कोंबड्या माझ्या, अंडी माझी, नि माफी तिची!

पण ते मी सोसलं असतं. काय झालं, त्या पहिल्या दिवशी ते गिरणीतनं आले, हातपाय धुतले, सासूने त्यांच्या हातात एक माफी दिली. त्यांनी तोडली, तोंडात टाकली, नि मान वर केली. मान वर! नि म्हणाले, वा.

मी चुलीपाशी होते. माझ्या हातात फुंकणी होती. काय सांगू तुम्हाला, ती फुंकणी मी अशी धरली की बोटांना वळ उठले. मी एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते ह्या बाईला महिन्यात मिळालं, आणि तिला त्याचं काय पण नाय, ती हसली नि वाट्या घासायला गेली. मी जळले. सरळ सांगते, मी जळले, आणि अजून जळते. लोक म्हणतात वय झालं की सगळं विझतं. कोणाचं विझतं त्यांनाच माहीत, माझं नाय विझलं.

मग माझ्याकडे राहिली काय, तर खारी. ती तेवढी माझी. आळीत कोणी पण म्हणायचं, गोड धाकटीचं, खारं थोरलीचं. मी म्हटलं ठीक, वाटणी झाली. तर त्या दिवाळीला सासू म्हणते, कुंदे, ह्या वर्षी तू पण कर गं खारी, बघू तुझ्या हातची कशी होते. मला विचारलं नाय, सवरलं नाय. आणि कुंदा म्हणते, करते की. मी त्या दिवशी जेवलेच नाय. सासूने विचारलं काय झालं, म्हटलं पित्त झालंय.

गेलो दोघी भट्टीवर, आपापलं पीठ घेऊन. तिचं पीठ जास्त, तिने दूध घातलेलं, अंडं घातलेलं, साहेबी थाट. माझं नेमकं. तिला मोठा पत्रा लागला, मला लहान. मांडलं, काट्याने टोचलं, दिसायला सगळी सारखीच. आता भट्टीवाला होता परमुलखातला, मराठी बोलायचा पण तुटकी. तो पत्र्यावर खडूने नाव लिहायचा, कोणाचं ते कळायला. आणि नाव कोणाचं, तर नवऱ्याचं. आता बायका नवऱ्याचं नाव घेणार का? तर दर दिवाळीला तिथे गंमत चालायची, ही तिच्या नवऱ्याचं सांगायची, ती हिच्या नवऱ्याचं सांगायची, असं काम व्हायचं. आमची पाळी आली तर कुंदा काय करते, सगळ्या बायकांच्या पुढ्यात उखाणा घेते. भट्टीच्या तोंडाशी निखाऱ्यांची लाली, मधुकररावांच्या बिस्कुटांची आता पाळी आली. हसल्या बायका, भट्टीवालापण हसला. ह्या बाईला उखाणापण जमायचा.

मग तो मला विचारतो, आणि तुमचं? आता मी नाव घेणार नाय. कुंदाला माझ्या माणसाचं नाव घेता येत नाय, तो तिचा थोरला दीर, ती त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर सोडत नसे. नि बाकीच्या बायका तिच्या उखाण्याला अजून हसतायत, माझ्याकडे कोणाचं लक्षच नाय. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं, थोरल्याचं लिहा. म्हंजे थोरल्या भावाचं, दुसरं काय! त्याने मान हलवली नि मोठ्या पत्र्यावर लिहिलं, थोरला. त्याला वाटलं थोरला म्हंजे मोठा, मोठा पत्रा माझा. नि लहानावर मधूचं नाव टाकलं. मला वाचता येत नाय, कुंदाने बघितलं नाय. संध्याकाळी मधू जाऊन दोन डबे घेऊन आला, एक थोरलीचा म्हणून ठेवला, एक धाकटीचा म्हणून.

पाडव्याच्या सकाळी ते आंघोळ करून बसले. मी ओवाळलं, चहा दिला. सासू म्हणाली, दोघींची चाखून बघ. त्यांनी माझ्या म्हणून ठेवलेल्या डब्यातलं एक घेतलं, खाल्लं, चहाचा घोट घेतला, मान खालीच. मग धाकटीच्या डब्यातलं घेतलं. खाल्लं. नि काय सांगू तुम्हाला, मान वर केली. म्हणाले, वा. ही बघ. ह्याला म्हणतात खारी.

म्हटलं झालं, खारं पण गेलं. मी त्या डब्यात हात घातला, बघू तर काय जादू केलीय ह्या बाईने, नि एक तुकडा तोंडात टाकला. आणि मी थांबले. ओवा शेकलेला, चोळलेला. मिरी. नि मीठ माझं. माझं मीठ मला कळणार नाय? माझीच होती हो ती. तो वा माझा होता. मी तोंड उघडलं सांगायला, अहो...

तेवढ्यात कुंदाने पण एक चाखलं होतं. माझ्या आधी तीच बोलली. सासूला म्हणाली, आये, डबे बदललेत. ही तर ताईंची. माझ्यात ओवाच नाय. खरं बोलली, हसत बोलली. बघा म्हंजे, खरेपणा पण तिनेच घेतला. मला तो पण मिळाला नाय.

मी त्यांच्याकडे बघितलं. आता म्हणतील. आता माझ्याकडे बघून म्हणतील. त्यांच्या हातात अर्धं बिस्कुट होतं, तेच, ज्याला वा म्हणाले ते. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, उरलेलं खाल्लं, हळूहळू चावलं, नि म्हणाले, हां. मीठ जरा जास्तच पडलंय.

मीठ जास्त. मला. कोपरीच्या मिठागरवाल्याच्या लेकीला.

आणि तोच डबा त्यांनी तुळशीचं लगीन लागायच्या आत संपवला. खाली बघून. मी रोज बघायची डब्यात किती उरलंय. एकदा म्हटलं, मीठ जास्त हाय ना, मग का खाता. म्हणाले, असतं थोडं जास्त. आता ह्याचा अर्थ काय लावायचा? माझी लेक म्हणते, आई, बाबांना लाज वाटली असेल, आपल्या बायकोचं कौतुक आयशीपुढे कसं करायचं, तेव्हाचे पुरुष तसेच. असेल. पण माझ्या माणसाला माझी लाज आणि तिचं कौतुक, ह्यात मला काय मिळालं? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.

आता ते नाहीत. मधूभावजी पण गेले. कुंदा वर्तकनगरला असते, लेकाकडे. तिच्याकडे विजेची भट्टी हाय आता, काचेची, आत दिवा लागतो, माफी फुगताना दिसते म्हणे. सणाला येते भेटायला, डबा घेऊन. पाया पडते माझ्या, ताई ताई करते, माझे पाय चेपते, केस विंचरते. चांगली बाई हाय. ती वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं! तिच्या डब्यातलं मी खाते. चांगलं असतं. मी म्हणते, खाल्लं हो.

तुम्ही तिच्याकडेपण जाणार म्हणता, तिचंपण लिहून घेणार. जा. घ्या. ती तुम्हाला खायला घालेल, तुम्ही पण वा म्हणाल, मला माहीत हाय. ती माझ्याबद्दल चांगलंच सांगेल, एक शब्द वाकडा बोलणार नाय, तो तिचा स्वभाव. तिला म्हणावं, ताईने निरोप दिलाय, तब्येत सांभाळ, जिना चढू नको, गोळ्या वेळेवर घे. देव तिला शंभर वर्षं देवो, मी मनापासून सांगते. तिने माझ्या आधी जायचं नाय. तिच्या तेराव्याला सगळी आळी बसून तिचंच कौतुक करेल, आणि ते ऐकायला मी बसायची नाय.