पाठीवरचे वळ

(मक्केतली एक खोली. इंडोनेशियातल्या जावा बेटावरून आलेल्या हज यात्रेकरूंच्या बसेस दुपारी अराफातच्या मैदानाकडे निघायच्या आहेत. हस्नियार ही या गटाची डॉक्टर, पार्तिनी म्हातारी यात्रेकरू.)

पार्तिनी : खोकला म्हणे! अगं, इथं आलेला कोण खोकत नाही? दुआ शिकवणारे उस्ताद खोकतात, स्वयंपाकी खोकतो. तूसुद्धा मघाशी खोकलीस.

हस्नियार : मला ताप नाही, आजी. तुम्हाला आहे. वळा जरा, पाठ ऐकू दे.

पार्तिनी : राहू दे, पाठीला काय धाड भरलीय?

हस्नियार : हे काय? मानेपासून कमरेपर्यंत लाल वळ! नाण्यानं खरवडून घेतलंत?

पार्तिनी : मग? अंगात वारा शिरला की आमच्याकडे तेल लावून नाणंच फिरवतात. हजसाठी इहराम बांधला की वासाचं तेल चालत नाही, म्हणून आज कोरडंच फिरवलं.

हस्नियार : वारा नाही, जंतू शिरलेत. न्यूमोनिया झालाय तुम्हाला. बोलताना धाप लागतेय. दवाखान्यात चला.

पार्तिनी : आणि अराफात? तिथं पोचले नाही तर कसला हज? हजच्या यादीत नाव लावून वाट बघता बघता नवरा गेला माझा. मी नाही यायची.

हस्नियार : दवाखान्याची बस नेते ना अराफातला. आजारी माणसं बसमध्ये पडूनच दुआ मागतात. हज पुरा होतो.

पार्तिनी : पडून? जन्मभर उभ्यानं मासळी विकली मी, आणि अल्लापुढं आडवी पडू? मेले तर मेले. इथली माती मिळाली तर सोनं झालं.

हस्नियार : तुमचं होईल सोनं. तिथं तंबूत तुमच्या अंगाला अंग लावून झोपणाऱ्या बायकांचं काय? तुम्ही खोकलात की हेच जंतू त्यांच्या छातीत.

पार्तिनी : त्याही खमक्या आहेत.

हस्नियार : नाणं कुणी फिरवलं? स्वतःचा हात तर तिथवर पोचत नाही.

पार्तिनी : कासियाहनं. माझ्या गावची आहे. तिला काही बोलू नकोस.

हस्नियार : बोलत नाही. तुम्ही येताय की नाही, तेवढं सांगा.

पार्तिनी : बसून येईन. आडवं केलंस तर उतरून चालायला लागेन, आत्ताच सांगून ठेवते.

हस्नियार : बरं, बसून चला.

पार्तिनी : आणि माझ्या शेजारची जागा धरून ठेव.

हस्नियार : कुणासाठी?

पार्तिनी : कासियाहची पाठ बघ, पोरी. काल मी फिरवलं होतं नाणं.