पेटती गिरणी

झेन्झी: अहो, गिरणीतून बाहेर या आता. या लाझार नाईकांची माणसं डांबर ओतायला खोळंबलीत.

वेंडेलिन: ओतू देत. मी इथंच बसलोय, माझ्या अंगावरही ओता म्हणावं.

लाझार: मालक, मी हौसेनं नाही आलो. आपल्या सम्राटांच्या नदी-आरमारात नाईक आहे म्हणून आलो. आमच्या टिसा नदीवरही अशाच तरंगत्या गिरण्या आहेत. एक जाळायची म्हणजे काय, ते कळतं मला.

वेंडेलिन: मग तोफांनी पाडा की तो बोनापार्टचा पूल.

लाझार: तोफा सगळ्या आस्पर्न गावापुढं गुंतल्यात. मध्ये बेटाची झाडी, गोळा पुलापर्यंत पोचतच नाही. आणि बोनापार्टची माणसं, दारूगोळा, सगळं त्या होड्यांच्या पुलावरून येतंय. डॅन्यूबला पूर आहे. गिरणी पेटवून सोडली, तर थेट जाऊन आदळेल.

झेन्झी: आपला काजेतान तिथं तोफेवर उभा आहे. त्याच्यावर येणारा गोळा त्या पुलावरून येतो. मला एवढंच कळतं.

वेंडेलिन: पुलावर माणसं असतील, झेन्झी. मी जन्मभर माणसांसाठी दळलं.

झेन्झी: ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही पीठच झाडतेय. पण पोर आपलं आहे. हात द्या इकडं. उठा.

वेंडेलिन: गिरणीचा दोर मी तोडणार. परक्याचा हात नको.

लाझार: ही घ्या कुऱ्हाड.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. नवराबायको रिकाम्या काठावर. लाझार चालत येतो.)

झेन्झी: बोला नाईक. वाईट असेल ते आधी सांगा.

लाझार: काजेतान जिवंत आहे, काकू. भेटूनच आलो. गिरणीनं पूल मधोमध फोडला. फ्रेंचांचा दारूगोळा पलीकडंच अडकला, तोफा थंडावल्या. रात्री ते बेटावर मागं हटले.

वेंडेलिन: पुलावर माणसं होती?

लाझार: होती. जखमींना परत नेत होते. काही पोहत काठाला लागले. दोघांना आम्ही होडीत ओढून घेतलं. बाकीच्यांपर्यंत नाही पोचता आलं.

वेंडेलिन: हं.

झेन्झी: आणि काजेतान? तुम्ही काहीतरी गिळताय, नाईक.

लाझार: दोन दिवस तोफेला चिकटून होता. कान गेलेत त्याचे. गिरणीचं मी अगदी कानाशी ओरडून सांगितलं, नुसता बघत राहिला. वैद्य म्हणाले, आता यायचं नाही ऐकू.

वेंडेलिन: ओरडलात कशाला? जात्यांच्या घरघरीत वाढलाय तो. तिथं कुणाला कुणाचं ऐकू यायचं? रांगत होता तेव्हापासून आम्ही ओठ बघूनच बोलतो.

झेन्झी: त्याच्या समोर बसायचं, नाईक, आणि सावकाश बोलायचं. त्याला सगळं कळतं.