भरल्या पोटाचं माप

पँट आवळून घ्यायला आलेले आजोबा बाकावर बसून ऐकत होते. समोर शिंपी एका शाळकरी मुलीचं माप घेत होता. शेजारी तिची आई.

"पोट आत ओढू नकोस, पोरी. श्वास सोड."

"काका, कंबर दोन इंच कमीच धरा. नाचाच्या कार्यक्रमापर्यंत मी बारीक होणारे."

"म्हणून डबा रोज भरलेला परत येतो होय गं! काल तालमीत घेरी आली, ती उगाच नाही."

"आई, इथे नको ना!"

शिंप्यानं टेप गुंडाळली. "स्टेजवर पडलीस, तर कंबर कोण बघणार? उपाशी पोटाचं माप मी घेतच नाही. पहिल्याच गिरकीला हूक तुटतात."

"मग... जेवून देऊ?"

"जेवूनच दे. थांबतो मी."

मुलीनं दप्तरातून डबा काढला. आजोबांनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली.