बादलीत न आलेला बुडबुडा

...तर मावशी, आधी नुसती शिट्टी आली. बारीक, कुकरची वाफ गळते तशी. ट्रंपेट फुंकला की सूं— मला वाटलं, बाजाच गळतोय. आमच्या आबांचा बँड आहे, वाजवणारी माणसं दुष्काळात पुण्याला गेली तेव्हापासून ट्रंपेटवर मी — हो, मीच, बी.ए. झालेली, फटाका वाजला की नवरदेवाच्या घोडीआधी दचकणारी. हसा, घोडीवालाही हसतो. तर आबांनी काय करावं? आठ दिवसांनी टँकर आलेला, घरात भरलेली एकच बादली — ट्रंपेटच्या भोंग्याला ट्यूबचं रबर बांधलं, सायकलचं पंक्चर बघतात तसा बाजा त्या बादलीत बुडवला आणि म्हणाले, फुंक. बुडबुडा एक नाही, शिट्टी मात्र चालूच. आई शेजारी उभी. म्हणाली, "आगं, हिच्या कानातून येतीय." त्याच पाण्यात तिनं डाळ शिजवली. पितळेची चव आली, तरी सगळ्यांनी ओरपली.

डाव्या कानाच्या पडद्याला भोक. आपण वाट बघतोय त्याच डॉक्टरांनी महिन्यापूर्वी कानामागची कातडी काढून आत ठिगळ लावलं. तीन महिने फुंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं — परवा शिंकले, शेजारच्या बिभीषणकाकांची म्हैस दावं तोडून पळाली. फोन त्या कानाला लावला की नुसती भुणभुण.

आणि उद्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटतोय. दोन वर्षं ऊस नव्हता, कारखाना बंद. आता सगळे सभासद येणार, आबांना तिथलं दोन वर्षांतलं पहिलं बोलावणं. ट्रंपेट नसेल तर राहिला काय, ढोल. म्हणाले, "जबरदस्ती न्हाई, बाई. एकच गाणं. हळू." हळू? आबांनी तरी कधी हळू वाजवला? त्यांचा उजवा कान त्यातच गेला. म्हणून तर — बघा, सातव्यांदा फोन लावतेय, उचलत नाहीत.

नाही हो, मी वाजवला नाही. म्हणजे — काल, एकच सूर. गोठ्यात. आत टप्प झालं. ठिगळ उसवलं की काय म्हणून पहिल्या एस.टी.नं इथं बीडला आले. घरी सांगितलं, पेपर आहे. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली, कुणी विचारलंसुद्धा नाही, कसला पेपर.

डॉक्टर यायच्या आतच आबांना नाही म्हणायचंय. का? अहो, ठिगळ शाबूत निघालं तर मी लगेच हो म्हणेन, आणि उद्या ते खरंच उसवेल. आबांच्या भिडेनं — छे, त्यांचं नाव उगाच घेतेय. मलाच वाजवायचंय, मावशी. कालच्या त्या सुराला मी दचकले नव्हते. जन्मात पहिल्यांदा.

आले वाटतं डॉक्टर. तुमचा नंबर ना? व्हा पुढं, मी— थांबा, उचलला.

आबा? हो, मीच. हळू बोला, ओरडू नका, सगळं ऐकू येतंय. सगळं— अगं बाई. फोन डाव्या कानाला लावलाय मी.

आबा, ऐका. उद्या मी वाजवणार न्हाई.