हरवलेलं डांबर

इंजिनीअर : म्हणजे रस्ता पळून गेला म्हणता, मुकादम?

मुकादम : जाईल कुठं हो बाई? मी स्वतः डांबर टाकलंय या गल्लीत. बावीस वर्षं झाली. असं चकचकीत, की कावळे उतरताना त्यात आपलं तोंड बघायचे. एक तर घसरून आपटला.

वहिनी : मागच्या खेपेला मांजर आपटलं होतं, भावजी.

मुकादम : मांजर नंतर. वहिनी, सरकारी काम चाललंय, मधे बोलू नका.

वहिनी : माझ्याच दारात उभे राहून मलाच गप्प करा!

इंजिनीअर : मुकादम, कावळा राहू दे, डांबर दाखवा. निधी आलाय तो फक्त दुरुस्तीचा. दुरुस्ती करायची तर आधी रस्ता असायला हवा ना? इथं बघावं तिथं मुरूम. पाच वाजता नगरपालिकेत यादी द्यायचीय. पुरावा नसला तर ही गल्ली गाळून बाजाररस्ता घालतील.

वहिनी : म्हणजे यंदाही माझं शिलाई मशीन पाण्यात. गेल्या पावसात शाळेचे अकरा पांढरे सदरे भिजले, आणि एका लाल झग्यानं सगळे गुलाबी करून ठेवले. पुन्हा तसं झालं तर कोण देईल मला शिवायला?

इंजिनीअर : पण काकू, पाणी घरात शिरतंच कसं? घर तर रस्त्याहून उंच बांधतात.

वहिनी : उंचच होतं की. लग्न होऊन आले ती पाच पायऱ्या चढून आले. आता पायरी एकच, तीही आत उतरायला बसवून घेतलेली.

इंजिनीअर : थांबा, थांबा. पाच चढायच्या होत्या, आता एक उतरायची? मग त्या पाच गेल्या कुठं?

मुकादम : घरं खचतात, बाई. मी एक घर पाहिलंय, खचता खचता थेट पाण्याला लागलं. मालक खिडकीतनं मासे धरायचा.

इंजिनीअर : घर खचलं असतं तर भिंतीला तडे नसते का गेले? इथं एक नाही. मुकादम, खड्डे तुम्ही बुजवायचात कसे?

मुकादम : पद्धतशीर! एकच खड्डा भरला की शेजारचा रुसतो. म्हणून अख्ख्या गल्लीवर चार बोटं मुरूम. दर वर्षी.

इंजिनीअर : डांबर का नाही मागितलं?

मुकादम : मागितलं ना! डांबराच्या अर्जाला उत्तर यायला वर्ष लागायचं. मुरूम सकाळी सांगितला की दुपारी गाडी दारात.

इंजिनीअर : आणि हे किती वर्षं?

मुकादम : डांबरानंतर बारा वर्षं नोकरी केली.

इंजिनीअर : बारा चोक अठ्ठेचाळीस बोटं. म्हणजे दोन हात! मुकादम, रस्ता हरवलेला नाही. तुम्ही पुरलाय. पहार आहे का घरात?

(दाराशी खणणं चालतं. ऊन भिंतीवरून उतरतं.)

वहिनी : जपून हो, वय बघा. आता काय लागलं?

मुकादम : काळं! बाई, काळं लागलं! हे बघा, दगडासारखं.

वहिनी : कावळ्याचं तोंड दिसतंय का तेवढं बघा.

इंजिनीअर : दिसलं नाही तरी चालेल, फोटो निघाला. आता वरचा सगळा भराव काढून जुन्या पातळीवर रस्ता करायचा. काकू, तुमच्या पायऱ्या वर येतील. फक्त या फॉर्मात एक रकाना राहिलाय. भराव कुणी केला, कशासाठी?

मुकादम : लिहा, पूर आला. पुरानं मुरूम आणून टाकला.

वहिनी : आपल्याकडं नदी कुठाय, भावजी?

इंजिनीअर : खोटं सापडलं की गल्ली यादीतून गेली, मुकादम.

मुकादम : मग मीच. लिहा. वहिनी, दुसऱ्याच वर्षी तुमची खालची पायरी बुडाली, तेव्हाच दिसलं होतं मला.

वहिनी : मलाही दिसलं होतं.

मुकादम : मग बोलला का नाहीत? एरवी तर कात्रीसारखी चालते जीभ.

वहिनी : काय बोलू? तुमचे दादा कुबडी घेऊन चालायचे. बाकी गल्लीत तुमची माणसं मुरूम टाकायची, माझ्या दारापुढं तुम्ही स्वतः पाटी उचलायचात. वर हातानं सारखा करायचात. ते गेल्यावरसुद्धा करत राहिलात.

मुकादम : सवय लागली होती.

इंजिनीअर : कुणी ते लिहिलं. कशासाठी, तिथं काय लिहू?

मुकादम : लिहा, मुकादमाची चूक.

वहिनी : नाही हो बाई. घरातलं माणूस अडखळू नये म्हणून, असं लिहा.

इंजिनीअर : काकू, रकाना एवढासा आहे.

वहिनी : मग बारीक अक्षरात लिहा.