दोन मिस्त्र्यांनी लावलेली मोटारसायकल

पोलीस ठाणे नांदुरा, दिनांक १९ नोव्हेंबर १९७४

मी, इंद्रभान उकंडराव रौंदळे, वय ३१ वर्षे, धंदा शेती व भाजीपाला, राहणार वरवट बकाल, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझ्याकडे एक जुनी मोटारसायकल आहे. पत्नी आशाबाई व वांग्यांचे पोते मागे असले की ती चढावर धापा टाकते. म्हणून इंजिनाचा ब्लॉक बोर करून मोठा पिस्टन बसवायचे ठरवले.

मोठ्या पिस्टनला पेट्रोल जास्त लागते. ते किती, हे कोणत्या रीतीने ठरवायचे ते ब्लॉक कापण्याआधीच पक्के करा, असे दोन्ही मिस्त्री म्हणाले. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचे एकमत झाले. जानराव मिस्त्री माझे सख्खे मामा. ते गाडी पळवून प्लग काढतात व त्याचा रंग पाहतात; काळा तर पेट्रोल जास्त, पांढरा तर कमी. कारभारी मिस्त्री आशाबाईचा भाऊ. तो पेचकस, म्हणजे स्क्रू पिळायचे हत्यार, इंजिनाला टेकवून दुसरे टोक कानाला लावतो व आवाजावरून ठरवतो. मामा म्हणाले, "कानानं पेट्रोल मोजता येते काय बे?" कारभारी म्हणाला, "जवाईबापू, रंग पाहून लुगडं घेतात, गाडीचं पेट्रोल लावत नाहीत." मला दोघांचेही पटले. शिवाय धाकट्या बहिणीचे साक्षगंध तोंडावर आले आहे. मामा रुसले तर आई बोलणार नाही, साळा रुसला तर आशाबाई. म्हणून मी दोघांनाही हो म्हणालो.

पिस्टन बसल्यावर काल मामांनी रंग पाहून कार्बोरेटरमध्ये मोठा जेट घातला, म्हणजे पेट्रोल वाढवले. ते जेवायला गेल्यावर कारभारीने आवाज ऐकून आतली सुई खाली घेतली, म्हणजे पेट्रोल कमी केले. आवाज इतका स्वच्छ आला की मी खूष झालो. मामांना सांगितले नाही, ते रागावले असते. आशाबाईला मागे बसवून नांदुऱ्याहून गावाकडे निघालो. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे पेट्रोल कमी पडून इंजिन तापले व जाम झाले, मागचे चाक अडकले व आम्ही पडलो. मला खरचटले. आशाबाईची मांडी मोडली.

दवाखान्यात मामा म्हणाले, "चूक माही हाय." कारभारी रडत म्हणाला, "नाही मामा, माही." कालपर्यंत दोघांचेही बरोबर होते, आज दोघांचेही चुकले. माझे डोके चालत नाही. पाय आखूड राहील असे डॉक्टर म्हणतात.

तक्रार कोणाविरुद्ध, असे हवालदारसाहेब पुन्हा पुन्हा विचारत होते. मी आशाबाईला विचारून आलो. ती म्हणाली, "आता काऊन इचारता? त्यानं रंग पाह्यला, त्यानं आवाज आयकला. मांगं बसणार मी होती. मले कोणी इचारलं?"

मामा व कारभारी यांची नावे लिहू नयेत. आरोपी म्हणून माझे नाव लिहा, असे मी म्हणालो. तक्रारदार आणि आरोपी एकच माणूस चालत नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. तर मग तक्रारदार म्हणून आशाबाईचे नाव लिहावे.

एवढे लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तेच उतरले आहे व ते खरे आहे.