जवाईबापूंची इस्त्री

हसू नका गा, अजूनही आठवलं की कान गरम होतात. लग्न नवीनच झालं होतं. सावनेरले सासुरवाडीत सदऱ्याले इस्त्री कराव म्हणून ओसरीतल्या प्लगात लावली, तर ती तापेचना. सगळे माह्याकडे पाहून राहिले. मी हिंगण्याच्या विजेच्या सामानाच्या कंपनीत होतो ना! आता होतो पॅकिंग खात्यात, पण ते तिथं कोण सांगते? ठोकून दिलं, "एलिमेंट गेलं."

सासरे म्हणाले, "तुमी म्हणता म्हणजे गेलंच."

बस पकडून नागपुरात जरीपटक्याले आलो. दुकानदारानं विचारलं, "साडेचारशे वॉटचं देऊ की साडेसातशेचं? अन् जुनं खरंच जळालं का, पाहिलं काय?"

"मी कंपनीत आहो," म्हटलं. "मोठं द्या."

संध्याकाळी सगळ्या घरासमोर नवं एलिमेंट बसवलं, बटण दाबलं. इस्त्री थंडगार.

तवा मेव्हणी हळूच बोलली, "भाऊजी, या प्लगात दिवाळीपासून करंटच नाही. आमी स्वयंपाकघरातल्या प्लगले लावतो."

"मंग सकाळीच काहून नाही सांगितलं वं?"

"बाबा म्हणे, जवाईबापूंची चूक काढू नये."

स्वयंपाकघरात लावताच इस्त्री तापली. मले वाटलं, आता गुपचूप जेवाव अन् झोपाव. पण सासरे तेवढ्यात अंगणात जाऊन शेजाऱ्यांले ओरडून सांगून राहिले होते, "आमच्या जवाईबापूंनी इस्त्री दुरुस्त केली!"

सकाळी दार उघडलं, तर ओसरीवर अख्ख्या गल्लीतल्या बंद इस्त्र्या मांडून ठेवलेल्या.